धक्क्यावरचा ठराव

"उशी दे," असाहेल दारातूनच म्हणाला. बर्फाने माखलेले बूट काढायचंही त्याला सुचलं नाही.

त्याची बायको केझाया चुलीपाशी बसून तान्ह्या डॉर्कसला पाजत होती. तिने पोरीच्या डोक्यावरून शाल ओढून घेतली. "कसली उशी?"

"पिसांची. कशाला ते तुला माहीत आहे."

माहीत होतंच. झेडॉक सापडला ही बातमी सकाळीच गल्लीत फिरली होती. झेडॉक तिचा सख्खा भाऊ, आणि वर्षभरापासून वसाहतीत लंडनच्या राजाची जकात वसूल करणारा माणूस. ओबेड पिंपवाल्याच्या कोठारात जकात चुकवून आणलेली काकवी आहे, ही खबर गेल्या आठवड्यात त्यानेच दिली. राजाचे लाल डगलेवाले शिपाई आले, ओबेड दार अडवून उभा राहिला, कपाळावर बंदुकीचा दस्ता बसला आणि म्हातारा स्वतःच बनवलेल्या पिंपांमध्ये पडून मेला. मग ते झडती घेत घरोघर हिंडले. केझायाकडे एकाने पाळण्यातल्या गादीत संगीन आरपार खुपसली, खाली काही लपवलंय का बघायला. पोर तेव्हा कडेवर होती म्हणून वाचली. तेव्हापासून केझायाने तिला एकदाही पाळण्यात निजवलं नव्हतं.

"तो माझा भाऊ आहे, असाहेल."

"आणि ओबेडने मला हातात हातोडी धरायला शिकवलं. बापाने नाही, त्याने."

"डांबर किती गरम करणार?"

"कोमट. अगं, पोरीच्या आंघोळीच्या पाण्याइतकं. अंगाला चिकटलं की झालं. वर पिसं लावायची, गावातून एक फेरी, आणि सोडून द्यायचा. लाज वाटली पाहिजे, एवढंच."

"नाही दिली उशी तर?"

असाहेलने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या दुकानदाराने गावाची बंदी मोडून राजाचा चहा विकला होता. त्याच्या खिडक्यांना आता काचांऐवजी फळ्या होत्या. केझायाने एकदा फळ्यांकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या पोरीकडे, आणि उठून उशी त्याच्या हातात दिली.

तो गेला तशी ती भांडी घासायला बसली. हातात तेच भांडं राहिलं. थोड्या वेळाने धक्क्याकडून वास आला. तिचा बाप जहाजांचे डांबर लावलेले दोर वळायचा, त्या वासातच ती वाढली. धुरकट, जरासा गोडसर वास. हा तसला नव्हता. हा कडू होता, घशात ओरखडे काढणारा. राळ. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात ती, आणि ती खदखदा उकळल्याशिवाय ओतता येत नाही.

तिने पोरीला शालीने छातीशी बांधलं आणि धावत सुटली.

धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. मासळीच्या घोडागाडीत झेडॉकला दांड्याला बांधून उभा केला होता, कमरेपर्यंत उघडा. ओठ निळे, एक डोळा सुजून मिटलेला. गाडीशेजारी कढई चढवली होती आणि कढईशी लांब दांड्याचा डाव घेऊन असाहेल उभा होता. चर्चचे कारभारी डीकन एलिफलेट पिंपावर चढून गावसभा चालवत होते. आपण काही दंगेखोर नाही, गावाने ठरवल्याखेरीज इथे काही होणार नाही, असं ते दुसऱ्यांदा सांगत होते.

"झेडॉक, तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. तो तुझा हक्क आहे."

झेडॉक रक्त थुंकला. "फ्रेंच तुमच्या उरावर बसले होते तेव्हा फौज कोणी पाठवली? राजाने. त्या फौजेने काय वारा खाल्ला? त्याचा खर्च म्हणून काकवीवर चार पेनी द्यायचे तर तुमच्या पोटात दुखतं."

"चार पेनीचं दुखणं नाही रे," डीकन शांतपणे म्हणाले. "विचारले असते तर दहा दिले असते. न विचारता ज्याला एक पेनी घेता येतो, त्याला उद्या घर घेता येतं, पोरगा घेता येतो. समुद्रापलीकडे लंडनच्या सभेत आमचा एक माणूस नाही, आणि आम्ही काय विकावं, काय प्यावं ते तिथे ठरतं. ती गुलामी आहे."

"ओबेडला विचारलं होतंस का, हरामखोरा?" मागून कोणीतरी म्हणालं.

झेडॉकची मान खाली गेली. "ते मारतील असं मला वाटलं नव्हतं."

"त्याला वाटलं नव्हतं म्हणे. बिच्चारा." लोक हसले आणि एक दगड झेडॉकच्या बरगडीवर बसला.

केझाया माणसांना ढकलत कढईपर्यंत पोचली. "ही राळ आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली.

असाहेल तिच्याकडे बघेना. "डांबर पिंपात गोठून दगड झालं होतं. पोरांनी मग राळच चढवली. मी नाही चढवली."

"कातडी सोलून निघेल त्याची. कोमट म्हणाला होतास ना?"

"सगळे बघतायत, केझाया. घरी जा."

"ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा," डीकन म्हणाले.

हातमोजे घातलेले, उघडे, मासळीच्या खवल्यांनी चमकणारे हात वर गेले. असाहेलचाही गेला.

"विरुद्ध?"

केझायाने एक हात पोरीच्या पाठीखाली धरला आणि दुसरा वर केला. लोक मागे वळून पाहायला लागले.

"खाली घे, पोरी. बाईमाणसाचा हात मोजत नाहीत, तुला माहीत आहे," डीकन म्हणाले.

"ज्याच्यात माझा हात मोजला नाही तो ठराव माझ्या भावावर चालणार, माझ्या उशीवर चालणार. तुम्ही राजाला हेच लिहिता ना, डीकन?"

मग एक खलाशी म्हणाला, "हिला लंडनच्या सभेत पाठवा रे, राजा दोन दिवसांत हात जोडेल." सगळा धक्का हसला. डीकनही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"ठराव मंजूर. असाहेल, घाल."

असाहेलने डाव बुडवला. तो एकदा बायकोकडे बघून थांबला, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "काय रे, मेव्हण्याचा पुळका आला?" त्याने डाव उचलून झेडॉकच्या खांद्यावर ओतला.

झेडॉक ओरडला तो आवाज माणसाचा वाटला नाही. राळ पाठीवरून ओघळली आणि जिथून ओघळली तिथली कातडी तिच्याबरोबर सरकत खाली आली. हवेत जळक्या मांसाचा वास पसरला. पुढच्या ओळीतला एकजण वाकून ओकला. दुसऱ्याने सुरीने उशी फाडून पिसं उधळली. ती ओल्या मांसाला चिकटली. डॉर्कस किंचाळून रडू लागली.

"आणखी," लोक म्हणाले. असाहेलने डाव परत बुडवला.

केझायाने शाल सोडून पोर शेजारच्या जेरुशामावशीच्या हातात कोंबली. कढईजवळ आग विझवायला पाण्याची बादली ठेवलेली असते, तशी होती. तिने ती उचलली आणि वरच्या बर्फाच्या पापुद्र्यासकट कढईत ओतली.

कढई फुटल्यासारखी उसळली. काळा फेस काठांवरून सांडून खालच्या लाकडांवर गेला आणि माणसाएवढी ज्वाळा उठली. असाहेलचा हात कोपरापर्यंत त्यात सापडला. लोक एकमेकांना तुडवत पळाले. पेटलेली राळ धक्क्याच्या फळ्यांवरून डीकनच्या पिंपाकडे धावत होती. घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि गाडी घेऊन उधळला. गाडी मिठागराच्या कुंपणाला धडकली तिथे केझायाने भावाला सोडवला. तो शुद्धीवर नव्हता.

जेरुशामावशीने पोरीला पाठीशी बांधून त्याचे पाय उचलले म्हणूनच त्याला घरी नेता आलं. वाटेत कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. असाहेल हात पोटाशी धरून काही अंतरावरून मागे चालत होता.

अंधार पडायच्या आत डीकन चार जणांना घेऊन दाराशी आले. त्यांच्या डगल्याची कड जळाली होती. "ठराव अपुरा राहिलाय, असाहेल. त्याला बाहेर आण. आणि तुझ्या बायकोलाही गावापुढे बोलवावं लागेल."

असाहेल उंबऱ्यात उभा राहिला. "झडती घ्यायला शिपाई आले तेव्हा तुम्हीच सांगितलंत. घरधन्याने हो म्हटल्याशिवाय राजाही आत येऊ शकत नाही."

"ते शिपाई होते. आम्ही तुझी माणसं आहोत."

"मी हो म्हणत नाही, डीकन."

"विचार कर. उद्या राजाशी लढाई जुंपली तर कोणाच्या बाजूला उभा राहशील?"

"तुमच्याच. पण आज आत येऊ नका."

ते गेले, आणि जाता जाता कोणीतरी खिडकी फोडली. काच पाळण्यात पडली.

केझायाने काचेकडे पाहिलंही नाही. पोर मावशीकडे होती. झेडॉक चुलीपुढे पालथा पडला होता. ती डुकराची चरबी बोटांनी चोळून राळ सैल करत होती आणि एकेक पीस चिमटीत धरून ओढत होती. प्रत्येक पिसाबरोबर तो कण्हत होता. म्हणजे जिवंत होता. पहाटेपर्यंत राहील की नाही ते तिला सांगता आलं नसतं.

असाहेल येऊन शेजारी बसला. त्याचा हात काळा पडून सुजला होता, बोटं एकमेकांना चिकटली होती. वेदनेने त्याचे दात वाजत होते. "केझाया, सगळे बघत होते गं," तो म्हणाला.

त्याने जळका हात तिच्यापुढे धरला.

तिने चरबीचं भांडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी त्याचं होऊ दे."