खोगीरभरती

"पोट आत घे," हवालदार म्हणाला आणि न्हाव्याच्या अंगातल्या शर्टाचं शेवटचं बटण त्यानेच ओढून लावलं. शर्ट परवा टेकडीवर मेलेल्या एका पोराचा होता. धुतला होता, तरी बगलेत चिखल राहिलाच होता.

न्हाव्याच्या शेजारी आचारी, त्याच्या पलीकडे खेचरवाले. सगळ्यांच्या खांद्यावर बंदुका. आचाऱ्याने आपली पळीसारखी धरली होती. एरवी या सोंगावर न्हाव्याने पलटणीला चार दिवस हसवलं असतं, इतका तो तोंडाळ.

जंगलातल्या त्या टेकडीवर कंपनी तीनदा चढली आणि तीनदा मार खाऊन खाली आली. निम्मी माणसं वरच राहिली. उरलेल्यांतली बरीचशी तापाने फणफणत तंबूत पडली होती. आज जनरलसाहेब पाहणीला येणार, म्हणून कॅप्टनने मिळेल त्याला उभं करून रांगा भरायला सांगितल्या होत्या.

"ही खोगीरभरती कशाला, साहेब?" हवालदार सकाळीच म्हणाला होता. "आहे ते दाखवू. बघून तरी आपल्याला मागे पाठवतील."

"आणि कंपनी मी संपवली म्हणून माझी शोभा होऊ दे?" कॅप्टन म्हणाला. पोरगेलासा माणूस, कित्येक दिवस धड झोपला नव्हता. "भर रांगा."

न्हावी तेव्हा कॅप्टनच्याच गालाला साबण लावत होता. सगळं त्याच्या कानावर पडलं होतं. म्हणजे आपल्याला कळत नव्हतं, असं म्हणायची त्याला सोय नव्हती.

जनरल आले. वयस्कर, पाय ओढत चालणारे. एकेकाकडे नीट बघत न्हाव्यासमोर थांबले.

"वर गेला होतास?"

नाही साहेब, मी दाढ्या करतो. एवढंच तर बोलायचं होतं. तंबूतली माणसं सुटली असती. पण मागे कॅप्टन बघत होता. आणि खरं सांगायचं तर न्हाव्याला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी शिपाई समजलं होतं.

"होय, साहेब."

"पुन्हा जाशील?"

"जाईन, साहेब."

जनरलांनी त्याचा खांदा थोपटला. मग कॅप्टनकडे वळून म्हणाले, "मी तुम्हाला मागे घेणार होतो. पण माणसं आहेत अजून, आणि दमही आहे. उद्या सकाळी पुन्हा चढा."

कॅप्टनने सलाम ठोकला. हवालदार जमिनीकडे बघत राहिला.

वर जाण्याआधी दाढी करायची, अशी या कंपनीची रीत होती. संध्याकाळी जो तो येऊन न्हाव्यापुढे बसला आणि दाढी करून उठून गेला. शेवटी आला मास्तर. लढाईआधी तो शाळेत शिकवायचा. अंगात ताप होता, घोंगडी तशीच पांघरलेली.

"आम्ही किती उरलोय ते जनरलसाहेबांनी बघितलं नाही का रे, दादा?"

"बघितलं."

"मग?"

शेवटी सांगितलं त्याने सगळं. खांदा थोपटून घेताना बरं वाटलं, तेसुद्धा. मास्तरने ऐकून घेतलं आणि मान हलवली. तेवढ्याने न्हाव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शिवी तरी द्या, मास्तर."

"दाढी कर. अंधार पडेल."

न्हाव्याने वस्तरा गालाशी नेला. मास्तरने त्याचं मनगट हलकेच धरून बाजूला केलं.

"राहू दे. आण इकडे, माझी मी करतो. तू आरसा धर."

न्हाव्याने आरसा धरला. मास्तर अगदी सावकाश, हनुवटीखालचा एक केसही न ठेवता दाढी करत होता. ती पुरी होईपर्यंत न्हाव्याला तिथून हलता आलं नाही, की दुसरीकडे बघता आलं नाही.