मास्तरांच्या हातातली चप्पल

मी मास्तरांची उजवी चप्पल बोलतेय. डावीचं नशीब थोर, ती जन्मभर पायातच राहिली. मला मात्र मास्तर हातात घ्यायचे, बटणसाठी.

बटण म्हणजे आमच्या शिंपीमास्तरांचा कुत्रा. दुकान अगदी रस्त्याला लागून. दार उघडं दिसलं की स्वारी बाहेर! मग मास्तर ओरडायचे, "ये इकडे!" बिचारा शेपूट पायांत घालून यायचा आणि माझा फटका खायचा. मला तरी कुठे बरं वाटायचं? पण चपलेचं ऐकतो कोण! पुढेपुढे 'ये' म्हटलं की तो उलट धूम ठोकायला लागला. एकदा स्कूटरखाली येता येता वाचला. "आता देऊनच टाकतो कुणाला तरी," मास्तर वैतागले. बोलले खरे, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांची धाकटी बहीण जनावरांच्या दवाखान्यात कामाला. तिनं विचारलं, "दादा, मारतोस कशाला?"

"पळतो म्हणून."

"पळतो तेव्हा कुठे मारतोस? परत येतो तेव्हा मारतोस. मग तो काय शिकणार? आलं की मार बसतो!"

मास्तरांनी कोपऱ्यातल्या बटणकडे पाहिलं.

"'ये' हा शब्द नासला आता. नवा घे. आणि आला की खाऊ दे, दरवेळी."

मास्तरांनी शब्द निवडला, "माप!" उकडलेल्या अंड्याचे तुकडे खिशात ठेवून महिनाभर दुकानातल्या दुकानात हाका मारल्या. गिऱ्हाइकं हसायची.

एके दिवशी कुणीतरी दार उघडं टाकलं. बटण थेट रस्त्याच्या मधोमध, समोरून टेम्पो! सवयीनं मास्तरांनी मला उचललं. मला बघताच तो आणखी मागे सरकला. अहो, टाका मला, टाका! मास्तरांनी मला खरंच टाकलं, गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "बटण, माप!"

असा सुसाट आला, की मास्तर उताणेच पडले. त्या दिवशी बटणला अख्खं अंडं मिळालं. मास्तर रडत होते आणि तो त्यांचे गाल चाटत होता.

आता माझा अंगठा तुटलाय. मशीनखाली पडून असते. माझा नुसता वास आला तरी ज्याला कापरं भरायचं, तो माझ्यावरच हनुवटी टेकून घोरतो. बहीण म्हणाली, "फेकून दे ना ती." मास्तर म्हणाले, "राहू दे गं, त्याची उशी आहे."

माझ्या बहिणी तुमच्याही दाराशी असतील. त्यांना पायातच राहू द्या.