घराचं बटण

शंभर टक्के

मी एक जुना सरावाचा ड्रोन आहे, मित्रांनो. वजन अडीचशे ग्रॅमला थोडं कमी. पाती चार. माझी गोष्ट मी तुम्हाला एका बॅटरीत सांगणार आहे. बॅटरी उतरेल तशी माझी वाक्यं आखूड होतील. त्यात काळजीचं काही नाही. वीस टक्के उरले की मी आपोआप मागे वळतो आणि जिथून उडालो तिथे परत जातो. तसा नियम माझ्या आतच घातलेला आहे.

एक्क्याण्णव

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला पहिल्यांदा चालू केलं फलटणच्या एका फोटोग्राफरने. दोन हंगाम मी लग्नं काढली. "वर बघा, वर बघा!" असं कोणीतरी ओरडायचं आणि अख्खं वऱ्हाड माना वर करून हसायचं. इतकी तोंडं एकदम माझ्याकडे पाहून हसलेली मी नंतर कधी पाहिली नाहीत. मग चांगल्या कॅमेऱ्याचा मोठा ड्रोन आला आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो. वर वायरींचा गुंता, त्याच्यावर झाकण.

तिथून मला हंबीररावांनी बाहेर काढलं. ते सैन्यातून निवृत्त झालेले. कुंडलला ड्रोन चालवायला शिकवतात. त्यांनी माझ्या नावाने एक वही घातली. प्रत्येक उड्डाण तिच्यात लिहायचं: तारीख, वारा, कोणी उडवला, काय मोडलं, का मोडलं. शेवटचे दोन रकाने कायम गच्च भरलेले असत.

अठ्ठ्याहत्तर

नवीन माणसाची चूक ठरलेली असते. मी त्याच्यापासून दूर जात असलो की सगळं ठीक. रिमोटची काडी डावीकडे, की मीही डावीकडे. पण माझं तोंड त्याच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि माणूस गोंधळतो. वर्गातल्या दिग्विजयने मला असंच शेवग्याच्या झाडात घातलं. एक पातं गेलं. वहीत त्याने लिहिलं, 'वारा होता.' त्या दिवशी शेवग्याची शेंगही हलत नव्हती. नवं करडं पातं मिळालं नाही म्हणून काळं बसवलं.

उत्कर्षाने ही चूक एकदाही केली नाही. तिचं घर जत भागातलं, मेंढपाळाचं. आईवडील वर्षातले आठ महिने मेंढरांबरोबर चालतात. ती शिकायला मावशीकडे कुंडलला राहिली होती. हंबीररावांनी तिला विचारलं, "आधी कुठं शिकलीस का गं?"

"न्हाई सर. मेंढरू सामनं आलं की त्येची डावी ती माझी उजवी. ह्यात शिकायचं काय?"

"मग मेंढरालाच लायसन द्या की सर," दिग्विजय म्हणाला.

"द्या. ते शेवग्यात तरी जायाचं न्हाई."

वर्ग बराच वेळ हसत होता. दिग्विजयही हसला, पण जरा उशिरा.

चौसष्ट

परीक्षा सोमवारी होती. पास होणाऱ्याला कुंडलच्या मोठ्या ड्रोनने ऊस फवारणाऱ्या गटात काम मिळणार होतं. उत्कर्षाच्या वडिलांनी, बिराप्पांनी, तिला एकच साल दिलं होतं. "जमलं तर तुझी वाट तुला. न्हाईतर काठी हाय आन् मेंढरं हाईत," असं ते म्हणाले होते. रागाने नव्हे. मेंढरांमागे खरंच एक माणूस कमी पडत होतं.

शनिवारी ती आईवडिलांच्या मुक्कामावर निघाली. सरावासाठी तिने मला मागून घेतलं. हंबीररावांनी माझी वहीसुद्धा तिच्या पिशवीत घातली.

"ह्यो हरवला तर सोमवारी परीक्षेला उभी राहू नको, पोरी. ज्येला लहान मशीन सांभाळता येत न्हाई, त्येच्या हातात मी मोठी देणार न्हाई."

पन्नास

मुक्काम कोरेगावजवळ होता. सयाजी नावाच्या शेतकऱ्याने त्याच्या मोकळ्या वावरात मेंढरं बसवली होती. मेंढरं रात्रभर बसली की वावराला खत मिळतं. मेंढपाळाला धान्य मिळतं आणि तो पुढच्या वावराकडे निघतो.

रविवारी सकाळी बिऱ्हाड घोड्यावर चढलं. जाळी, भांडी, पांघरुणं, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मुक्काम हलताना या घरात एक माणूस मागे थांबतं. चुलीच्या राखेवर पाणी ओततं, राहिलेली दोरी, भांडं, झोपलेलं कोकरू बघतं आणि मग चालू लागतं. त्या दिवशी ही पाळी उत्कर्षाची होती.

तिने राखेवर पाणी ओतलं. चुलीच्या तीन दगडांजवळ मला ठेवलं. उडवलं. मागे न बघता कळपाच्या बाजूने चालू लागली.

"मेंढरांच्या डोस्क्यावरनं नको गं, बुजतील!" तिची आई बयाबाई पुढून ओरडली.

"बाजूनंच हाय, आये!"

मी छान उडत होतो. तिचे हात स्थिर होते. वीस मिनिटं गेली. मेंढरं किलोमीटरभर पुढे आली. माझी बॅटरी उतरली, आणि मी वळलो. मागे.

तिने पाहिलं आणि रिमोटच्या पडद्यावरचं घराचं बटण दाबलं. मी आणखी जोरात मागे निघालो. तिने पुन्हा दाबलं.

मित्रांनो, मी तिचं ऐकत नव्हतो असं नाही. मी तिचंच ऐकत होतो. उडताना जी जागा मिळाली ती माझं घर. त्यांचं घर तेवढ्यात किलोमीटरभर पुढे गेलं होतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आबा, त्यो माघारी चाललाय!"

"मग पळ की! बघत काय हुबी ऱ्हायलीस?" बिराप्पा म्हणाले.

छत्तीस

मी सयाजीच्या वावरात उतरलो. चुलीच्या दगडावर कललो. एक पातं तुटलं.

समोरून ट्रॅक्टर येत होता, मागे रोटाव्हेटर लावलेला. मेंढरं उठली की लेंड्या वाळायच्या आत माती फिरवायची असते. त्याची पाती माझ्यासारखी नसतात. ती माती खातात. ट्रॅक्टर जवळ आला. आणखी जवळ आला. थांबला.

सयाजीला मी दिसलो नव्हतो. त्याला दगड दिसले होते. दगडाने रोटाव्हेटर मोडतो. तो शिव्या घालत खाली उतरला, पहिला दगड उचलला, आणि मी त्याच्याकडे दिवा मिचकावला.

"आयला! कोन मोजायला लागलंय रं माझं वावर?"

उत्कर्षा पळत पोचली. तिने आधी मला उचललं, उलटंसुलटं पाहिलं.

"तुझा हाय व्हय ह्यो?"

"सरांचा हाय, काका. घरी यायचं बटण दाबलं वो म्या."

"आन् आला माझ्या वावरात! बरंय की. सात-बाऱ्यावर लावू का त्येचं नाव?" सयाजी हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "मोडलं जणू. सरास्नी सांग, वावटळ आलती. म्या बी सांगतो, पायजे तर."

उत्कर्षाने मला पिशवीत ठेवलं. सयाजीने वाकून मातीतून आणखी एक वस्तू उचलली आणि तिच्यासमोर धरली. भाकरीचं उलथनं.

"हे बी तुमचंच. मागं बघून जायाची पद्धत मोडली का काय?"

बांधावर बसून तिने वही काढली. काय मोडलं: एक पातं. पुढच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकलेलं होतं. मग तिने लिहिलं: 'घर हललं. मी ड्रोनला सांगितलं नाही.'

सत्तावीस

सोमवारी हंबीररावांनी ती ओळ दोनदा वाचली. उत्कर्षा दाराबाहेरच उभी राहिली होती.

"आत ये. ह्यो काय हरवला न्हाई," ते म्हणाले. "सहा वर्सं शिकवतोय मी. उडताना घर बदलता येतं, पडद्यावर दोन टिचक्या. पण हितं कुणाचं घर कवा हललंच न्हाई. म्हणून म्याबी दाखवलं न्हाई. चूक अर्धी माझी."

त्यांनी तिला टिचक्या दाखवल्या आणि आधी वर्गाला शिकवायला सांगितलं. ती फळ्यापुढे उभी राहून आपली चूक सांगू लागली. उलथन्यासकट.

"आमचं घर कुठं जातंय? तिथंच हाय," दिग्विजय म्हणाला.

"तू तरी जाशील की कुठं?"

दिग्विजयने टिचक्या वहीत उतरवून घेतल्या.

मग परीक्षा झाली. माझ्यावर आणखी एक काळं पातं बसवलं होतं. उत्कर्षाने मला चौकोनात फिरवलं, हवेत आठाचा आकडा काढला, तोंड स्वतःकडे करून आणलं, वर्तुळाच्या मधोमध उतरवलं. पास झाली.

वीस

नियमाप्रमाणे मला आता मागे वळलं पाहिजे.

मी एक जुना सरावाचा ड्रोन आहे, मित्रांनो. वजन अडीचशे ग्रॅमला थोडं कमी. पाती

थांबा.

ते घर आता तिथे नाही.

चौदा

उत्कर्षा कुंडलला उसावर मोठा ड्रोन उडवते. हंबीररावांनी मला तिला देऊन टाकलं. सुट्टीला ती मुक्कामावर येते. मी पुढे जाऊन ओढ्याला पाणी आहे का ते बघतो. मुक्काम हलताना कोंबड्यांशेजारी बसतो.

मागे बघायची पाळी ती आता चुकवत नाही. आणि मला हातात घेतलं की बिराप्पा घोड्यापासूनच विचारतात, "आगं, त्येला आजचं घर सांगितलंस का?"

आठ

तुमच्या हातात माझ्यासारखं काही आलं तर पाती पुसा. मोडलं तर खरं लिहा.

उडवण्याआधी घर सांगा. मी विचारत नाही. शेवटचं सांगितलेलं घर तेवढं मला माहीत असतं.

तीन

खाली नवं वावर. तीन दगड. धूर.

तिचे पाय दिसतात.

उतरतो.