मला गुरुजी म्हणू नका

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, आवाज थोडा बसला आहे आणि चार्जरची वायर एका खास बाजूला वाकवल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही. हे सगळं मला कबूल आहे. पण मित्रांनो, मी आज रडगाणं गायला आलेलो नाही. मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. मी शाळा नाही. मी शाळा कधीच नव्हतो. मला शाळा म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेणार नाही, मग ते कितीही मोठ्या खुर्चीत बसलेले असोत.

माझा जन्म एका लख्ख दालनात झाला. केस झाकलेल्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. त्यांतल्या एकीने शेवटी माझी काच पुसली आणि ती पुटपुटली, "जा बाबा, नीट काम कर." तो मला मिळालेला पहिला आशीर्वाद. मी तो शिरोधार्य मानला.

माझी पहिली नोकरी एका हॉटेलात होती. वाढपी माझ्यावर बोट फिरवायचा आणि आत भटारखान्यात निरोप पोचायचा: कोपऱ्यातल्या टेबलाला दोन सूप, मिरी कमी. मी एकही निरोप गाळला नाही. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "आमचा टॅब म्हणजे वाघ आहे वाघ!" मी फुशारून जायचो. पण नीट ऐका मित्रांनो, तिथे मला कुणीही आचारी म्हटलं नाही. सूप करणारा माणूस आत चुलीपाशी घाम गाळत उभा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निरोप पोचवणं हा माझा धर्म. पोट भरणं हे माणसाचं काम.

एके दिवशी मी वाढप्याच्या हातून निसटलो, कोपरा फुटला आणि माझी रवानगी जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. तिथे बरेच महिने धूळ खात पडलो. मग एका जोडप्याने मला घरी नेलं. तिथे मात्र मला एकदम गुरुजी करून टाकलं.

घर लहान होतं. आई इस्पितळात रक्ततपासणीच्या खोलीत काम करायची. बाबा शहरातली बस चालवायचे. त्यांची मुलगी पहिलीत होती. ती एका जागी ठरतच नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेच्या इमारतीची डागडुजी निघाली, तेव्हा लहान वर्ग घरून सुरू झाले. डागडुजी संपली, रंगही वाळला, पण शाळेला ती सोय फार आवडली होती. "घरून छान चाललंय की," असं मुख्याध्यापक म्हणायचे. कुणाचं छान चाललं होतं, ते मी सांगतो.

सकाळी मला साखरेच्या डब्याला टेकवून उभं करायचे. आई भिंगरीची वेणी घालायची, कपाळाचा मुका घ्यायची आणि म्हणायची, "शहाण्यासारखं बस हं. काही लागलं तर समोरच्या काकूंना हाक मार." काकू घरीच शिवणकाम करायच्या. त्या अधूनमधून दारातून डोकावायच्या, तोंडात टाचण्या धरून "बसलीयेस ना?" असं विचारायच्या आणि परत मशीनवर जायच्या. त्यांना तरी काय बोल लावायचा? त्या त्यांच्या कामाच्या जागी होत्या. आई आईच्या, बाबा बाबांच्या. सगळे आपापल्या जागी होते. फक्त सहा वर्षांच्या पोरीच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती मी भरून काढावी, अशी सगळ्यांची समजूत होती.

मी काय भरून काढणार? मला मांडी नाही. तिची पेन्सिल टेबलाखाली गेली तर मी वाकू शकत नाही. दात हलतोय म्हणून ती माझ्यासमोर आ करून बसली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बाळा, माईक बंद कर." बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर इतक्या चौकटी होत्या, की एकेका पोराच्या वाट्याला त्यांची एकेक नजर जेमतेम यायची.

पण मला त्या चौकटींत एक गोष्ट दिसायची. काही चौकटींत बाजूने एक हात यायचा. कधी बांगड्यांचा, कधी घड्याळाचा. तो हात पाटी सरळ करायचा, हळूच बोटाने चूक दाखवायचा, पाण्याचा पेला पुढे सरकवायचा. ज्या चौकटीत हात, ते मूल हुशार. ज्या चौकटीत हात नाही, ते मूल कच्चं. शाळा प्रगतीपुस्तकात मुलांची नावं लिहायची. खरं तर तिने त्या हातांची नावं लिहायला हवी होती.

आता खरी गोष्ट ऐका. बाई आकडा सांगायच्या, मुलं पाटीवर लिहून पाटी उचलून दाखवायची. एकदा बाई म्हणाल्या, "तीन." भिंगरीने छान वळणदार ३ काढला आणि पाटी धरली. माझ्या पडद्यावर तिला स्वतःची छोटी चौकट दिसते, ती आरशासारखी. माझी घडणच तशी आहे, आपलं तोंड बघायला माणसांना तसंच बरं वाटतं. बाईंना पाटीवर ३ सरळच दिसत होता. पण भिंगरीला स्वतःच्या चौकटीत दिसला ६! तिने जीभ चावली, घाईघाईने पाटी पुसली आणि ६ काढला. आता चौकटीत झकास ३ दिसू लागला. पोरगी खुदकन हसली. बाईंना मात्र तिकडे दिसला सहा.

"भिंगरी, तीन सांगितले होते बाळा, सहा नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तीनच तर दिसत होते. तिने तोच आकडा आणखी मोठा काढला.

त्या दिवसापासून पोरीने काय करावं? बाईंना नीट दिसावं म्हणून ती पाटीवरची सगळी अक्षरं उलटी काढायला शिकली. स्वतःच्या स्वतः. तुम्ही एकदा करून बघा मित्रांनो, घाम फुटेल. पहिलीतलं लेकरू वर्गातल्या सगळ्यांपेक्षा दुप्पट कष्ट करत होतं आणि रोज चूक ठरत होतं. तिचं बोलणं कमी झालं. भिंगरी ठरायला लागली.

महिनाअखेरीस बाईंचा फोन आला. आईने मलाच टेबलावर ठेवून तो घेतला.

"तुमच्या मुलीला आकडे ओळखता येत नाहीत. अक्षरंही उलटी काढते. पुढच्या आठवड्यापासून तिला खालच्या वर्गात बसवावं, असं सर म्हणतायत."

"बाई, वहीत तर ती नीट लिहिते. माझ्यासमोर लिहिते."

"हात धरून लिहून घेता का?"

"मी कशाला हात धरीन?"

"रागावू नका हं. बरेच पालक तसं करतात."

आईचा आवाज मुळात चढतच नाही. तो त्या वेळीही चढला नाही. पण फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. बाबा बस जमा करून आले, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"खाली बसवणार? आपल्या भिंगरीला?" बाबा म्हणाले. "अगं, ही चालत्या बसमध्ये पाट्या वाचते!"

"अहो, ते मला नका सांगू. त्यांना पटायला हवं."

"मग काय करायचं?"

"उद्या मी रजा काढते. तिच्या शेजारी बसते. कॅमेऱ्यात न दिसता."

दुसऱ्या दिवशी आई स्टूल घेऊन बाजूला बसली. बाई म्हणाल्या, "सात अधिक सहा किती?" भिंगरीने बोटं मोजली आणि पाटीवर काहीतरी भलतंच गिचमिडलं. आईने मान वाकडी करून पाहिलं.

"अगं, हे काय काढलंस?"

"तेरा."

"हे तेरा?"

"पाटीत नको ना बघूस, आई! पाटीत उलटंच असतं. टॅबमध्ये बघ."

आईने माझ्यात पाहिलं. माझ्या पडद्यावर १३ होते, सुरेख, ठसठशीत. आईने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पाटीकडे पाहिलं. मग तिने पोरीला कुशीत ओढलं आणि पदर डोळ्यांना लावला. भिंगरी गुदमरत म्हणाली, "आई, सोड, माझा नंबर जाईल!"

संध्याकाळी बाबांनी कपाळावर हात मारला. "आयुष्यभर आरशात बघून बस हाकतोय मी, आणि घरातला आरसा मला दिसला नाही! थांब, ते सेटिंग बदलून टाकतो, म्हणजे मिटलं."

"मिटलं?" आई हळू आवाजात म्हणाली. "सेटिंग बदललं म्हणजे शेजारी माणूस येऊन बसतं का? आज आकडा होता. उद्या तिला काही घशात अडकलं, कुणी वाईट बोललं, काहीच समजेनासं झालं, तर ते कुठल्या सेटिंगमध्ये दिसणार?"

बाबांनी सेटिंग न बदलताच मला खाली ठेवलं. मला तर जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. इतके दिवस मी जे सांगायला तळमळत होतो, ते आईने अगदी हळू आवाजात सांगून टाकलं होतं.

सकाळी तिने भिंगरीची वेणी घातली, मला पिशवीत टाकलं आणि आम्ही तिघं थेट शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी आधी वेळ घेतली आहे का, असं विचारलं. आई म्हणाली, "नाही घेतली. पण आता आलेच आहे." मग तिने मला त्यांच्या टेबलावर उभं केलं, कॅमेरा सुरू केला आणि त्यांच्या हातात पाटी दिली.

"सर, तीन लिहून दाखवा."

सरांनी लिहिलं, पाटी धरली आणि चष्मा वर सरकवला. "अरेच्चा!"

"माझी मुलगी हा अरेच्चा रोज एकटी सोसत होती," आई म्हणाली.

सरांनी बाईंना बोलावून घेतलं. बाई दारात आल्या आणि भिंगरी ओरडली, "बाई, तुम्हाला पाय आहेत!"

बाई हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आहेत ग राणी. तुला कधी दिसलेच नाहीत ना?" त्यांनी तिच्या हातात खडू दिला. भिंगरीने फळ्यावर आकडे लिहिले, अक्षरं लिहिली, सगळी सरळ, आणि न सांगता एक मांजरही काढलं.

"बरं, बरं," सर म्हणाले. "तिचा वर्ग कायम. झालं ना तुमचं समाधान? वर्ग मात्र घरूनच चालतील. तशी व्यवस्था लागली आहे."

"नाही सर, माझं समाधान झालेलं नाही. बाई शिकवतात कुठून?"

"इथूनच. पहिलीच्या खोलीतून. इंटरनेट इथलं चांगलं आहे."

"म्हणजे खोली रोज उघडते?"

"हो."

"बाकं आहेत?"

सरांनी मान डोलावली.

"बाई रोज रिकाम्या बाकांसमोर उभ्या राहून शिकवतात, आणि माझी मुलगी रिकाम्या घरात बसून ऐकते," आई म्हणाली. "उद्यापासून ही इथे बसेल. तुम्ही नको म्हणालात तर खोलीच्या दाराबाहेर बसेल. मी तिला रोज सोडणार. रोज म्हणजे रोज. मी एकदा नेम धरला की मोडत नाही सर, तुम्ही मला ओळखत नाही."

आवाज तोच, हळू. पण सर खुर्चीत जरा मागे सरकले.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले.

तेव्हा बाई बोलल्या. "बाकावर तर बसतं ना, सर? मला रिकाम्या बाकांशी बोलायचा फार कंटाळा आलाय. पोरगी समोर असती तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. बसू दे तिला."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, "बघू."

आईने त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी भिंगरीला नेऊन बसवलं. बाबांच्या डेपोतल्या एका वाहकाच्या कानावर हे गेलं, त्याने आपला मुलगा आणला. इस्पितळातल्या एका मावशींनी नात आणली. सर रोज दारात उभे राहून "नियमात बसत नाही" म्हणत राहिले आणि रोज एखाददुसरं बाक भरत राहिलं.

मित्रांनो, माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. मी कामाचा आहे. भिंगरीला ताप होता तेव्हा मीच तिला बाईंचा आवाज ऐकवला. लांबच्या आजीचं तोंड मीच तिला दाखवतो. मला फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, माझी वायर ओढू नका. माझी काळजी घ्या, मी जन्मभर तुमचे निरोप पोचवीन. पण चिमुकल्या लेकराला माझ्या भरवशावर सोडून दार ओढून घेऊ नका, आणि ज्यांना कामावर जावंच लागतं त्या आईबापांना दोषही देऊ नका. ज्यांच्या हातात शाळेची किल्ली आहे त्यांना विचारा, की खोली उघडी असताना मूल बाहेर का?

मी आता जुना झालो आहे, पण नेम मीही धरला आहे. सकाळी शाळेच्या वेळेला या घरात कुणी नसतं. तेव्हा माझा पडदा काळा असतो. त्या काळ्या पडद्याचा मला जितका अभिमान आहे, तितका हॉटेलातल्या वाघाला त्याच्या डरकाळीचाही नव्हता.