किल्लीची अट

माझा दादा वाईट माणूस नाही, असं आमची आई सगळ्यांना सांगते. कुणी न विचारता सांगते, यावरूनच काय ते समजावं. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरात देतो. तो फक्त अटी घालतो.

वहिनीची आई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दगडाच्या खाणीपलीकडे राहायची. तिची उजवी बाजू लुळी पडली होती. शेजारीण येऊन तिला भरवून जायची, एवढाच आधार. बस खाणीच्या फाट्यापर्यंतच जाते, पुढे धुळीतून तंगडतोड. त्यात सगळा दिवस मोडतो आणि घर कोण बघणार, म्हणून बसने जायचं नाही हा दादाचा नियम. तो स्वतः तिला मोटरसायकलवरून न्यायचा, मनात आलं तर. आत जायचा नाही. बाहेर गाडीवर बसून राहायचा आणि थोड्या वेळाने हॉर्न वाजवायला लागायचा. वहिनी मला सांगायची की हॉर्न ऐकला की आई तिचा हात घट्ट धरते, आणि मग तिला एकेक बोट सोडवून उठावं लागतं.

दादा ज्या फरशांच्या दुकानात विक्रीला आहे ते आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. गाडी दिवसभर अंगणात उभी असायची. म्हणून एकदा जेवताना वहिनी म्हणाली की लग्नाआधी ती वडिलांची मोटरसायकल चालवायची, तर दुपारी घरचं आवरून ती एकटीच आईकडे जाऊन येईल. दादाने आमच्या वडिलांकडे, आप्पांकडे बघून डोळा मारला.

"आणि रस्त्यात बंद पडली तर? ज्याला गाडी दुरुस्त करता येत नाही त्याने ती चालवू नये. आधी ते शीक, मग घे किल्ली."

हे बोलणाऱ्या माणसाला प्लग कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं. गाडी जरा खोकली की तो ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात सोडून यायचा. पण आप्पा म्हणाले, बोलला ते खरं आहे. वहिनीने ताटातून मान वर केली आणि विचारलं की शिकले तर नक्की द्याल ना. दादा म्हणाला, दिली. त्याला वाटलं, इथे विषय संपला.

वहिनी माझ्या फोनवर व्हिडिओ बघून शिकायला लागली. मी दाताच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम करते. माझं लग्न झालेलं नाही, आणि या घरात जे बघते त्यावरून मला घाईही नाही. सकाळी मी निघेपर्यंत फोन तिच्याकडे असायचा, कपडे भिजवता भिजवता ती बघायची.

पहिल्यांदा तिने इंजिनचं तेल बदललं. खाली ठेवलेलं पातेलं लहान पडलं, आणि हातातून निसटलेला नट थेट गरम तेलात गेला. तो काढताना बोटं भाजली आणि तेल अंगणभर पसरलं. दादा दुकानातून जेवायला आला तो खुर्ची घेऊन अंगणातच बसला. ती साबणाने फरशी घासत होती आणि हा पायाच्या अंगठ्याने दाखवत होता, इथे राहिलं, तिथे राहिलं. जिथे काहीच नव्हतं तिथेही दाखवत होता. मी ते बघितलंय.

मग एअर फिल्टरची पाळी. आमच्या घरात न धुता काही वापरायचं नाही, असा आईचा दंडक आहे. बाजारातून आलेली नवी चादरसुद्धा आधी बादलीत जाते. वहिनीने त्याच सवयीने फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवला. तो कागदाचा होता. त्याचा लगदा झाला. दादाने तो लगदा चिमट्याने दोरीवर वाळत घातला आणि येईल त्या पाहुण्याला बोट करून सांगायचा, "आमच्या मेकॅनिक बाईंची करामत." पाहुणे हसायचे. वहिनी त्यांना चहा द्यायची. लगदा वाळून गळून पडेपर्यंत कुणी तो काढला नाही, कारण दादाने काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

आई वेगळ्या तऱ्हेने छळायची. वहिनीच्या हाताला पेट्रोलचा वास येतो म्हणून तिचा साबण वेगळा, टॉवेल वेगळा. पिठाला हात लावायचा नाही, भांडी मात्र घासायची, भांड्यांना बहुतेक वास लागत नसावा.

पण ती शिकली. हट्टाला पेटलेलं माणूस शिकतंच. चेन आधी इतकी ताणली की गाडी कुंथायला लागली. मग बोटाने दाबून किती सैल हवी ते तिला कळलं. ब्रेकचे लाइनर बदलले, क्लचची केबल घातली, कार्ब्युरेटर खोलून त्याची बारीक भोकं वायरमधल्या तारेने साफ केली. दर वेळी हात पुसून ती दादापुढे उभी राहायची आणि दर वेळी तो नवीन अट काढायचा. तेल काय कुणीही बदलतं. चेन काय, सायकललाही असते. त्याचा आवाज कधी चढला नाही. किल्ली बोटाभोवती फिरवत बोलायचा, आणि तिची नजर त्या बोटावर असायची.

शेवटी तो म्हणाला, "धूर थांबव. मग काही म्हणणार नाही."

गाडी कित्येक दिवस निळा धूर सोडत होती. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, म्हणजे इंजिनच खोलायचं. गॅरेजवाल्यानेही ही जुनी गाडी आता काढून टाका म्हणून सांगितलं होतं. दादाला ते माहीत होतं आणि म्हणूनच त्याने ती अट घातली. वहिनीने मागच्या खोलीत जुनी चादर अंथरली आणि जे जसं निघालं तसं ओळीने मांडत गेली. भाग हलू नयेत म्हणून त्या खोलीत आम्ही कुणी जायचं नाही, पंखाही लावायचा नाही. मधेच दादा एकदा आत गेला आणि चादर ओलांडताना त्याचा पाय लागला. चुकून लागला म्हणे. सगळी मांडामांड विस्कटली. वहिनी बसली आणि पुन्हा पहिल्यापासून लावत गेली.

ज्या सकाळी गाडी चालू झाली त्या सकाळी मी दवाखान्यात उशिरा गेले. पहिल्या काही किकना नुसतीच फुसफुसली, मग एकदम लागली. धूर नाही. वहिनीने सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरला आणि तो तसाच पांढरा मला दाखवला. इतकी वर्षं मी तिला हसताना बघत होते, पण तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं. तिने दादापुढे हात केला. तो म्हणाला, आज मी चालवून बघतो, संध्याकाळी देतो.

संध्याकाळी तो नव्या मोटरसायकलवर बसून आला.

जुनी इतकी छान झाली होती की शोरूमवाल्याने बघताक्षणी बदल्यात घेतली, असं त्याने कौतुकाने सांगितलं. वहिनीच्या पाठीवर थापही मारली. मग नव्या गाडीभोवती तिला फिरवून म्हणाला, "हिला घरी हात लावायचा नाही. सील असतं. तुटलं की वॉरंटी गेली." आणि दुरुस्त करता येत नाही त्याने चालवू नये, हा नियम तर होताच. आप्पा म्हणाले, रंग छान आहे.

आपल्या सख्ख्या भावाचा तिटकारा येणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. मला त्या संध्याकाळी आला, आणि अजून गेलेला नाही.

नव्या गाडीला धड धूळही बसली नव्हती तेव्हा शेजारणीचा फोन आला. वहिनीची आई अखेरची घटका मोजत होती, पण शुद्धीवर होती आणि लेकीला बोलावत होती. दादा दुकानातून लगेच आला. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो खरंच लगेच आला. दोघं निघाली आणि खाणीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली.

पुढचं दादानेच आम्हाला सांगितलं, कंपनीला शिव्या घालत. खाणीला सुट्टी होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने मदतीच्या नंबरवर फोन लावला. माणूस निघालाय, असं तिकडून सांगत राहिले. वहिनी सारखी मध्ये मध्ये करत होती, पण त्याने तिला गाडीला हात लावू दिला नाही. मग ती चालत निघाली. त्याने हाका मारल्या, तरी थांबली नाही. कंपनीचा माणूस आला, त्याने बाजूचं झाकण काढून बॅटरीची सैल झालेली तार आवळली आणि गाडी चालू झाली. सीलचं विचारलं तर तो हसला. सील इंजिनला असतं, म्हणाला, हे तर कुणीही घरी करतं. दादाने वहिनीला तिच्या आईच्या दारात गाठलं. तोवर आई गेलेली होती, फार वेळ झाला नव्हता.

एवढं सांगून दादा म्हणाला, एक बरं झालं, वॉरंटी शाबूत राहिली. आमच्या आईने त्याला पाणी दिलं.

सगळं उरकलं तरी वहिनी माहेरून परत येईना. दादाने मला पाठवलं. निरोप असा होता की आता किल्ली देतो म्हणावं, आणि चेन आवाज करायला लागली आहे, चेनला सील नसतं.

मी तो निरोप शब्दाला शब्द दिला. वहिनी आईच्या रिकाम्या खाटेवर बसली होती. तिची नखं स्वच्छ झाली होती.

"तार सैल आहे ते मला तिथेच कळलं होतं, वन्सं," ती म्हणाली. "दिवा मंद होत होता, नुसतं टकटक वाजत होतं. मी म्हटलं, सीट उघडून खालचा पाना द्या, लगेच करते. त्यांनी किल्ली खिशात घातली. म्हणाले, तुला काय कळतं यातलं."

मग तिने विचारलं, "आता किल्ली घेऊन मी जाऊ कुठे?"

तिने मला बसपर्यंत सोडलं. घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, काही घातलं नाही. ती काय म्हणाली तेही सांगितलं. तो दाराशी जाऊन अंगणातल्या गाडीकडे बघायला लागला.

"बरं," तो म्हणाला. "मग चेनचं काय करायचं?"