तिळाएवढा डाग

माझ्या धाकट्या भावाला घरात आणि घराबाहेर सगळे खटपट्या म्हणतात. नाव आईनेच ठेवलेलं. लहानपणी त्याने तिच्या शिलाई मशीनचं चाक काढून पलंगाखाली नेलं होतं आणि विचारल्यावर म्हणाला होता, ‘आवाज बरोबर येत नव्हता.’ आता तो ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करतो. पोट त्याच्यावर भरतं, पण जीव सगळा कीबोर्डांत.

हे वेड ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगू? तुमच्याआमच्या कीबोर्डवर अक्षरं उमटतात आणि विषय संपतो. या मंडळींचा तिथून सुरू होतो. प्रत्येक अक्षराखाली एक चिमुकली डबी असते, तिला स्विच म्हणायचं. तिच्या पोटात स्प्रिंग असते. डबीवर जी टोपी बसते ती कीकॅप, आणि सगळा संसार ज्यात मांडायचा ती केस. हे सगळं वेगवेगळं जमवायचं, डब्या एकेक उघडून आतून ब्रशने ग्रीस लावायचं, पुन्हा मिटायच्या, आणि मग बोट आपटून कान लावून बसायचं. आवाज ‘थॉक’ असा यायला हवा. ‘टिक’ आला तर माणूस दोन दिवस जेवत नाही. केस तर दुकानात मिळतच नाही. कुणीतरी कुठेतरी बसून तिचं चित्र काढतो, घेणारे पुरेसे जमले की कारखाना ती करायला घेतो, आणि हे लोक वर्ष-वर्ष वाट बघतात. आमचा खटपट्या अशा एका जड ॲल्युमिनियमच्या केससाठी नाव घालून बसला होता. गडद निळी. फोटो मला इतक्या वेळा दाखवला की लग्नासाठी मुलगी सांगून आली असती तरी तिचा इतका दाखवला नसता.

आई कचेरीत टायपिस्ट होती. तिचा हात असा की बाई खिडकीबाहेर बघत टाइप करायची आणि शेजारणीशी गप्पाही मारायची. पण अक्षर चुकलं की पूर्ण पान ओढून काढायची आणि नवीन चढवायची. खोडून वर टाइप करणाऱ्यांचा तिला मनापासून राग. आणि बोलायला म्हणाल तर आमच्या मजल्यावर तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे.

नेमकी तिची जीभ गेली. आधी शब्द जड झाले, मग घोगरे झाले, मग घशातून नुसता आवाज. मेंदूचे डॉक्टर भले माणूस, त्यांनी फिरवून सांगितलं नाही. म्हणाले, ‘‘वाचा परत येणार नाही. हातही हळूहळू जातील. कधी ते मला सांगता येत नाही. तोवर त्यांना लिहून बोलू द्या, जेवढं बोलतील तेवढं.’’

फोन दिला तर काचेवर तिची बोटं थरथरायची, भलतीच अक्षरं यायची. तिने तो उशीखाली ढकलून दिला. साधा कीबोर्ड आणला तर तो दाबताना तिचा खांदा दुखायचा. तेव्हा खटपट्याने आयुष्यात पहिल्यांदा घराच्या उपयोगी पडेल असं काहीतरी केलं. त्याच्याजवळ फार हलके स्विच होते. ज्या कारखान्यात व्हायचे तो बंद पडलेला, ह्याने ते कुठून कुठून जमवून एकाच कीबोर्डापुरते साठवले होते. ते त्याने एका प्लॅस्टिकच्या केसमध्ये बसवले. कीबोर्डाचं नाव पडलं ‘तात्पुरता’. फुंकर मारावी इतक्या जोराने अक्षर उमटायचं.

आणि आई पुन्हा बोलायला लागली. मी चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून घरी येईपर्यंत पडद्यावर दिवसभराचं साठलेलं असायचं. ‘समोरच्या बाईंचा जावई पुन्हा रिकाम्या हाताने आला.’ ‘तुझं सूप पिऊन मुक्यालाही वाचा फुटेल, मलाच कशी फुटत नाही.’ खटपट्या त्याच्या केसचं पुराण लावून बसला की ती टाइप करायची, ‘याला सांग, आधी डोक्यावरचे काप.’ मी हसायचे, तो हसायचा, आणि ती आमच्याकडे बघत राहायची. ते महिने मी कुणाला देणार नाही.

खटपट्याला मात्र तो कीबोर्ड डोळ्यांसमोर नको व्हायचा. ‘‘ताई, डबडं वाजतं हे. हात थरथरला की सरकतं. माझी केस येऊ दे, ती जागची हलणार नाही. आईला शोभेल असा करतो.’’ स्वतःसाठी नाव घातलेली केस तो आईला देणार होता, आणि त्याचे बाकीचे सगळे कीबोर्ड त्याने आईचा वरखाली होणारा पलंग घ्यायला आधीच विकून टाकले होते. असल्या माणसावर चिडायचं तरी कसं? पण मी चिडायचे.

एका दुपारी लवकर घरी आले तर टेबलावर अंड्यांचे ट्रे मांडलेले आणि प्रत्येक खळग्यात एकेक स्विच. ‘तात्पुरता’ उघडा पडला होता. खटपट्या ब्रश घेऊन बसला होता.

‘‘हे काय केलंस?’’

‘‘पार्सल निघालंय, ताई. मेसेज आला. दोन-चार दिवसांत येतंय. हेच स्विच त्यात घालायचे, दुसरे आहेत कुठे? ग्रीसही सुकलं होतं. आल्या आल्या बसवतो.’’

‘‘आणि तोवर ती काय करेल?’’

‘‘तोवर पापणीने. एकदा हो, दोनदा नाही. आई, चालेल ना?’’

आईने एकदा पापणी लववली. गंमत वाटली तिला. मलाही फार काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

पार्सल परदेशातून येणारं, ते कस्टमच्या तपासणीत अडकलं. दोन-चार दिवसांचे किती झाले ते मी मोजलं नाही. आई पापणीने हो-नाही करत होती, आणि माझ्या हळूहळू लक्षात आलं की हो-नाहीत आपली आई मावत नाही. पाणी हवं? हो. कूस बदलू? नाही. आम्हाला जे सुचेल तेवढंच तिला बोलता येत होतं. समोरच्या जावयाबद्दल तिला काय वाटतं हे विचारायला आधी तो जावई आमच्या डोक्यात यायला हवा.

मग पार्सल आलं. खटपट्याने ते टेबलावर चादर अंथरून उघडलं. केस खरंच सुंदर होती, मी खोटं म्हणणार नाही. हातात घेतली तर मनगट वाकलं. स्विच ज्या पट्टीवर जोडायचे ते सर्किट आत बसवूनच आलं होतं. त्याने ती उलटी केली, खिडकीपाशी नेली, आणि त्याचा चेहरा उतरला.

‘‘डाग आहे.’’

खालच्या बाजूला, कडेजवळ, रंग न चढलेला पांढरा ठिपका होता. तिळाएवढा. टेबलावर ठेवली की तो टेबलालाच दिसला असता.

‘‘खटपट्या, बसव तो कीबोर्ड.’’

‘‘एकदा स्विच सोल्डर केले की ते परत घेत नाहीत, ताई. आत्ता पाठवली तर बदलून देतील. थोडेच दिवस.’’

‘‘तिला बोलायचंय.’’

‘‘आईने कधी खाडाखोड केलेलं पान कुणाच्या हातात दिलं होतं का?’’ मग तो तिच्याकडे वळला. ‘‘आई, डाग असलेली तुला कशी देऊ? बदलून घेऊ ना?’’

प्रश्नात उत्तर घालून विचारलं की कुणीही हो म्हणतं. त्यातून शेंडेफळाने विचारलेलं. आईने एकदा पापणी लववली. केस सर्किटासकट परत गेली.

त्यानंतर तिची बोटं गेली. एकदम नाही. आधी करंगळ्या आत वळल्या. मग डावा हात मी ठेवला तिथे राहायला लागला. मी रोज तिचा उजवा हात हातात घेऊन म्हणायचे, ‘‘दाब बघू.’’ तो दाब माझ्या तळहातावर दर दिवशी कमी लागत होता. खटपट्या कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवत होता. त्यांची उत्तरं गोड यायची.

एका रविवारी मी तिच्यापुढे मुळाक्षरं म्हणत बसले. हव्या त्या अक्षराला तिने पापणी लववायची. जीव नकोसा करणारं काम. मी पुढे निघून जायचे, ती दमायची, कधी पापणी उगाचच पडायची आणि सगळं पहिल्यापासून. दुपार सरता सरता एक शब्द हाती लागला. जुना.

‘‘जुना कीबोर्ड? तात्पुरता हवाय तुला?’’

हो.

खटपट्या दारातच उभा होता. त्याने ‘तात्पुरता’चं सर्किट काढलं. घाईघाईत स्विच उपसताना त्याच्यावरची तांब्याची रेघ ठिकठिकाणी उखडली होती. बारीक तारा जोडत तो बसला. अर्धी अक्षरं जागी झाली, अर्धी मेलीच. दुसरं सर्किट मागवायचं तर तेही बाहेरून, आणि तोवर नवीन केसही येणार. तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘आई, आता आठवडाभरच.’’ या वेळी त्याने प्रश्न विचारला नाही आणि तिनेही पापणी हलवली नाही.

नवीन केस आली. डाग नव्हता. त्याने जेवणखाण सोडून स्विच बसवले, राखाडी कीकॅप्स चढवल्या आणि कीबोर्ड तिच्या पलंगाच्या फळीवर ठेवला. मी तिचा उजवा हात उचलून बोटं ओळीवर मांडली. ती तिथे निजून राहिली. अक्षर उमटलं नाही. खटपट्या म्हणाला, ‘‘स्प्रिंग अजून हलक्या करतो.’’ सगळं पुन्हा काढलं, स्प्रिंगा कापून आखूड केल्या, पुन्हा ठेवलं. आता हाताच्या नुसत्या वजनाने कळा खाली गेल्या आणि पडद्यावर तीच तीच अक्षरं धो धो वाहायला लागली, ओळींवर ओळी. त्यात आईचं काहीच नव्हतं. मी हात उचलून घेतला तेव्हा ते थांबलं.

त्याला सुनवायचं इतके दिवस तोंडात तयार ठेवलेलं सगळं होतं, पण तो कीबोर्डापुढे वाकून एका कळेवर हलकेच बोट आपटत होता आणि ऐकत होता. आवाज अगदी त्याला हवा तसा येत होता. मग त्याने कपाळ केसच्या कडेवर टेकलं आणि ढसाढसा रडला.

‘‘आई, माझ्यावर रागावलीस का गं?’’

तिने एकदा पापणी लववावी, दोनदा लववावी, मला काहीही चाललं असतं. त्यालाही चाललं असतं. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. तिला झोप लागलेली नव्हती, श्वासावरून मला कळतं. मी पाणी हवं का विचारलं, कूस बदलू का विचारलं, दिवा त्रास देतोय का विचारलं. तिने डोळे उघडले नाहीत.

आता रोज असंच. आम्ही खोलीत नसलो की ती छताकडे बघत असते, दारातून दिसतं. जवळ जाऊन काही विचारायला तोंड उघडलं की डोळे मिटते.