दीडावर थांबलेला ताणकाटा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला जुना ताणकाटा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. पोटात पोलादी तारेची स्प्रिंग, वर कडी, खाली हूक आणि छातीवर शून्य ते दहा अशा खुणा नि त्यांवरून सरकणारा दर्शक. त्या खुणा न्यूटनच्या. न्यूटन म्हणजे बल मोजायचं माप.

एका अरुंद कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझी तार सळईवर वेटोळ्यावेटोळ्याने गुंडाळली. पहिल्यांदा ताणून सोडली तेव्हा ती जिथल्या तिथे परत आली. कारागीर हसला आणि लेकराशी बोलावं तसं म्हणाला, "ओढलं की लांब हो, सोडलं की घरी ये. एवढं जमलं की झालं." माझं घर म्हणजे शून्य.

शाळेत आलो तो मामांच्या हाती. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. रोज सकाळी ते मला बाहेर काढत, मऊ फडक्याने पुसत आणि हुकाला काहीही न लावता टांगत. मग डोळे बारीक करून पाहत, दर्शक शून्यावर आहे ना? पुसतापुसता गुणगुणत:

ओढ धरित्रीची, सुटेना कुणाला
वर गेला चेंडू, खाली परतला

त्या ओढीलाच तुम्ही गुरुत्वाकर्षण म्हणता. अर्ध्या किलोचं वजन मला टांगलं की माझा दर्शक चारच्या पुढे सरके आणि पाचाला टेकायला केसभर उरे. लाकडी ठोकळा टेबलावरून ओढताना मी एक न्यूटन दाखवी, तोच ठोकळा काचपेपरवर ओढताना अडीच. खरखरीत पृष्ठभाग वाट अडवतो, ते घर्षण. पोरं वहीत आकडे उतरवून घेत. विज्ञानाच्या बाई म्हणत, "हा काटा खोटं बोलत नाही." त्या शब्दांनी माझं पितळ मामांच्या फडक्याहून जास्त उजळे.

एकदा बाईंनी शिकवलं, "वस्तू हलत नाही म्हणजे तिच्यावर बल नाही, असं समजू नका. दोन्हीकडून सारखीच ओढ असली तरी ती जागची हलत नाही."

वर्गात दोघी जुळ्या बहिणी होत्या. दहा मिनिटांच्या फरकाने एक थोरली, एक धाकटी. मधल्या सुट्टीत त्या मामांच्या मागे लागल्या. "मामा, पाचच मिनिटं द्या ना काटा!" मामांनी कपाट उघडलं, मला त्यांच्या हाती दिलं आणि ते परीक्षानळ्या धुवायला आत गेले.

"तू कडी धर, मी हूक धरते," थोरली म्हणाली. "दोघींनी पाच पाचने ओढलं की दहा दाखवेल."

"पाचच दाखवेल," धाकटी म्हणाली.

"पैज?"

त्यांनी ओढलं. मी पाच दाखवलं. एकीने धरून ठेवल्याशिवाय दुसरीला ओढताच येत नाही, मित्रांनो. तिची पाचाची ओढ आणि हिची पाचाची ओढ मिळून माझ्यावर ताण पाचाचाच.

"तू नीट ओढतच नाहीस, भित्री कुठली!" थोरली चिडली.

"मी भित्री? मग बघच!"

दोघींनी पाय रोवले. दर्शक आठावर गेला, दहावर गेला, खुणा संपल्या तरी थांबला नाही. माझ्या आत काहीतरी सैल झालं. आवाज झाला नाही. त्यांनी सोडलं आणि मी घराकडे निघालो, पण दीडावरच अडकलो.

दोघींचे चेहरे उतरले. मामांना न सांगता त्यांनी मला कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्या गडबडीत सकाळची पाहणी राहून गेली. टेबलावर एक न्यूटनचं घर्षण असताना मी अडीच दाखवलं. ज्यांनी मला वापरलं, त्या सगळ्यांचे आकडे चुकले. बाईंनी मला हातात घेतलं, हूक रिकामा असूनही दर्शक दीडावर दिसला आणि त्यांचा आवाज कठोर झाला.

"मामा, किल्ली तुमच्याकडे असते. मुलांचे गुण जातील. मला तुमच्या नावावर शेरा लिहावा लागेल."

मामांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. तीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही शेरा नव्हता. त्यांनी एकदा त्या दोघींकडे पाहिलं. काल काटा कुणाला दिला होता ते आठवून मामांना सगळं कळलं होतं. तरी ते म्हणाले, "पडला असेल माझ्या हातून, बाई. नजर आता पूर्वीसारखी नाही राहिली."

मामा अगदी स्थिर उभे होते. बाईंना वाटलं असेल, म्हाताऱ्याला काहीच वाटत नाही. पण मी जन्मभर ओढ मोजलेली. एकीकडे तीस वर्षांचं नाव, दुसरीकडे त्या दोन पोरी. एवढ्या ओढीत जागचं न हलायला किती बळ लागतं, ते माझ्या खुणांवर मावलं नसतं.

धाकटी वही टाकून पुढे आली. "बाई, मामांनी नाही केलं. आम्ही ओढला. दोघींनी."

"मी जास्त ओढला," थोरली रडतच म्हणाली. "मीच हिला डिवचलं."

"नाही बाई, सारखंच ओढलं. काट्याला विचारा. तो मधे होता."

बाईंनी मला हळूच टेबलावर ठेवलं. मग पेन मिटून म्हणाल्या, "मामा, चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं." सगळ्यांच्या आकड्यांतून दीड वजा झाला आणि कुणाचेही गुण गेले नाहीत.

दोघींनी मला एक चिठ्ठी बांधली, 'आधी दीड वजा करा.' मामा निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्या दोघीच मला पुसत. कारागीर घालतो ती वेटोळी एकदा सैल झाली की पुन्हा घालता येत नाहीत, हे मामांनीच त्यांना समजावलं.

आता माझी तार थकली आहे. मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा आधी रिकामा टांगून पाहा. दहाच्या पुढे ओढू नका. आणि कुणी गप्प, स्थिर उभं दिसलं, तर त्याला कुठून कुठून ओढ लागली आहे, तेही एकदा विचारा.

सोडलं की मी आजही परत येतो. शून्यापर्यंत नाही पोहोचत, दीडावर थांबतो. पण रोज तिथेच थांबतो.